गिऱ्हाईक परत कसं येईल? नाशिकमधल्या छोट्या व्यवसायांसाठी मार्केटिंगचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकान, खानावळ, क्लास, पार्लर, घरगुती मसाले, शेतमालाची थेट विक्री, असा स्वतःचा धंदा करणाऱ्यांना पडणारे हे प्रश्न. जिथे जमेल तिथे उत्तर आकड्यांत दिलं आहे. हिशेबातले आकडे उदाहरणादाखल आहेत, तिथे आपापला खर्च घालून गणित पुन्हा मांडावं.

मार्केटिंग म्हणजे शेवटी जाहिरातच ना?

नाही. जाहिरात हा त्यातला शेवटचा आणि सगळ्यात खर्चिक भाग. माल कोणासाठी ठेवायचा, त्या माणसाला तो कधी लागतो, कोणत्या भावात दोघांनाही परवडतो आणि एकदा येऊन गेलेला माणूस पुन्हा का येईल, हे ठरवणं म्हणजे मार्केटिंग. जाहिरात माणसाला एकदा आणते. दुसऱ्यांदा त्याला आणते ती चव, वागणूक, भाव आणि सोय.

चहाचंच बघा. सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या टपरीवर येणाऱ्याची बस चार मिनिटांत सुटणार असते. त्याला चहा उकळलेला हवा, कप हातात धरता येईल असा हवा आणि सुटे पैसे लगेच परत हवेत. कॉलेज रोडला तोच चहा घेणारी पोरं अर्धा तास बसतात. त्यांना बसायला जागा लागते आणि कोणी उठवलेलं चालत नाही. पातेल्यातला चहा एकच, पण विकल्या जाणाऱ्या वस्तू दोन आहेत. सीबीएसच्या टपरीवाल्यानं खुर्च्या मांडल्या तर पैसे वाया जातील, आणि कॉलेज रोडवाल्यानं घाई केली तर गिऱ्हाईक जाईल.

आमच्याकडे सगळ्याच थरांतले लोक येतात. मग एकच गट कशाला निवडायचा?

लासलगावच्या बाजार समितीत लिलाव कसा होतो ते आठवा. व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेतो, आकार, रंग, पत्ती बघतो आणि बोली लावतो. मोठ्या कांद्यात गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, मिसळलेली असली की चांगल्या कांद्याचाही भाव पडतो, कारण घेणाऱ्याला पुढे निवडायची मजुरी धरावी लागते. तोच माल घरून प्रतवारी करून, गोल्टी वेगळी काढून आणला तर दोन्ही मालांना आपापलं गिऱ्हाईक मिळतं.

दुकानातही हेच होतं. शाळेचे गणवेश, लग्नाच्या साड्या आणि रोजचे गाऊन एकाच काउंटरवर, एकाच सेल्समनकडे असले की लग्नाचा बस्ता घ्यायला आलेलं कुटुंब गणवेशाच्या गर्दीत ताटकळतं आणि उठून जातं. सगळ्यांना विका, त्याला हरकत नाही. पण प्रत्येक गटाची जागा, वेळ आणि बोलण्याची पद्धत वेगळी ठेवा. जागा एकच असेल तर वेळ वेगळी करा. बस्त्याला येणाऱ्यांना फोनवरच दुपारची वेळ द्यायची, कारण शाळेची गर्दी संध्याकाळी असते.

आपलं गिऱ्हाईक नेमकं कोण, हे कसं शोधायचं?

दोनशे पानी वही घ्या आणि पाच रकाने आखा: वेळ, काय घेतलं, काय मागितलं पण नव्हतं, नवा की जुना, आणि नवा असेल तर कसा कळला. दोन आठवडे प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक ओळ लिहायची. त्यात पगाराचा एक आठवडा आलाच पाहिजे. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत महिन्याच्या सुरुवातीचं आणि शेवटाचं गिऱ्हाईक सारखं नसतं. सुरुवातीला पाच किलोचं पोतं नेणारा माणूस पंचवीस तारखेला अर्धा किलो मागतो.

पाच रकान्यांत सगळ्यात मोलाचा तिसरा, म्हणजे "नव्हतं"चा. तो सहसा भरलाच जात नाही, कारण "नाही" म्हटल्यावर माणूस निघून जातो आणि आपणही विसरतो. म्हणून वही गल्ल्यापाशी उघडीच ठेवा आणि नोकराला सांगून ठेवा, की "नाही" तोंडातून निघालं की आधी लिहायचं, मग पुढचं गिऱ्हाईक. दोन आठवड्यांत एकच गोष्ट आठ-दहा वेळा मागितलेली दिसली तर ती ठेवून बघायला हरकत नाही. एकदाच मागितलेल्या वस्तूमागे धावू नका, पैसे अडकतात.

माल खरोखर चांगला आहे, तरी लोक घेत नाहीत. असं का होतं?

बहुतेक वेळा चांगलेपणा डोळ्यांना दिसत नसतो, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचे जास्त पैसे कोणी देत नाही.

येवल्यात हातमागाची पैठणी दाखवणारा जाणता विक्रेता काय करतो ते नीट पाहा. आधी पदर उलगडतो, मोर दाखवतो आणि मग, भाव सांगायच्या आधी, पदर उलटा करतो. मागच्या बाजूलाही मोर तसाच, तितकाच स्वच्छ. हातमागावर नक्षी धाग्यात धागा अडकवून विणली जाते, म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. यंत्रावरच्या नकलेत उलट्या बाजूला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. विक्रेता गिऱ्हाइकाचं बोट त्या उलट्या बाजूवरून फिरवू देतो. मग शेजारच्या दुकानातली साडी इतकी स्वस्त का, हे त्याला सांगावं लागत नाही. गिऱ्हाईक तिथे जाऊन स्वतःच पदर उलटा करून बघतं.

आपल्या मालाची अशी उलटी बाजू कोणती, ते शोधा. लाकडी घाण्याचं तेल विकत असाल तर घाणा दाराशी हवा, मागच्या खोलीत नको. सुतारकाम असेल तर खणाचा सांधा उघडून दाखवा. क्लास असेल तर मुलाची तपासलेली वही पालकांच्या हातात द्या. प्रत्येक चुकीपुढे शिक्षकानं काय लिहिलं आहे ते त्यांना वाचू द्या. "उत्कृष्ट दर्जा" हे शब्द सगळेच लिहितात, त्यामुळे ते वाचूनही वाचले जात नाहीत.

न दिसणारी किंमत शब्दांतूनही दाखवता येते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा "राजा हरिश्चंद्र" ३ मे १९१३ ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. तो सुरतेला गेला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ला अगदीच थोडा जमला. तिथल्या प्रेक्षकांना तेवढ्याच पैशात कितीतरी तास चालणारी नाटकं बघायची सवय होती, त्यांना हा खेळ महाग वाटला. फाळक्यांनी तिकीट कमी केलं नाही. ५७ हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, अशी जाहिरात त्यांनी केली आणि गर्दी लोटली. चित्रपट तोच होता. प्रेक्षक तो तासांत मोजत होता, फाळक्यांनी तो त्याला छायाचित्रांत आणि मैलांत मोजायला दिला. आपल्या मालात किती तास, किती हात, किती किलो कच्चा माल जातो हे खरं-खरं मोजून लिहिलं तर तेच काम होतं. फक्त आकडा खरा हवा.

भाव कसा ठरवावा? स्वस्त ठेवला तर जास्त खपेलच ना?

खपेल. पण किती जास्त खपायला हवं, हे आधी काढा. समजा लोणच्याची बरणी २०० रुपयांना विकता. कैरी, तेल, मसाला, बरणी, लेबल, मजुरी, पोचवणं असं सगळं धरून खर्च १४०. एका बरणीमागे ६० रुपये सुटतात, म्हणजे १०० बरण्यांमागे ६,०००.

दहा टक्के सूट दिली की भाव १८० होतो आणि सुटतात ४०. तेच ६,००० मिळवायला १५० बरण्या विकाव्या लागतील. वीस टक्के सूट दिली तर सुटतात २० आणि बरण्या लागतात ३००. आता उलटं करून बघा. भाव दहा रुपयांनी वाढवला तर सुटतात ७०, आणि ८६ बरण्यांतच ६,००० जमतात. म्हणजे शंभरातले चौदा जण तुटले तरी नुकसान नाही. शिवाय हातांचे कष्ट कमी होतात ते वेगळंच.

या हिशेबात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे घरच्या माणसांची मजुरी न धरणं. आई आणि बायको कैऱ्या फोडतात म्हणून मजुरी शून्य लिहिली जाते. पुढे मागणी वाढली की पगारी माणूस ठेवावा लागतो, आणि त्या दिवशी कळतं, की आपण इतके दिवस त्यांचे कष्ट फुकट वाटत होतो. पहिल्या दिवसापासून ती मजुरी लिहा आणि जमलं तर त्यांच्या हातात द्या.

मग डिस्काउंट कधीच देऊ नये का?

कारण असेल तेव्हा द्यावा आणि ते कारण बोलून दाखवावं. सीझन संपला, पॅकिंग बदलतंय, एकदम दहा नग घेतले, आगाऊ पैसे दिले, ही कारणं लोकांना पटतात. विनाकारण सूट दिली की आधीचा भाव खोटा होता असंच वाटतं, आणि जुनं गिऱ्हाईक सूट येईपर्यंत थांबायला शिकतं. भाव कमी करण्याऐवजी वर काही देता आलं तर बघा. साडीवर शंभर रुपये सोडण्यापेक्षा फॉल-पिको करून घरपोच दिलं तर गिऱ्हाइकाची एक फेरी वाचते, आणि आपल्याला खर्च त्याहून कमी येतो.

चव द्यायची, नमुना द्यायचा, तर किती आणि कसा?

जिथे लोकांना वस्तूची सवयच नाही तिथे नमुन्यासारखं दुसरं काही नाही. दारूची टीव्हीवर जाहिरात करता येत नाही, आणि नाशिकच्या द्राक्षांतून वाइन हा प्रकार घराघरांत अनोळखी होता. राजीव सामंत यांच्या सुला विनयार्ड्सची पहिली वायनरी २००० साली सुरू झाली. पुढे लोकांना मळ्यावरच बोलावून वाइन चाखायला देणं आणि ती कशी बनते ते दाखवणं, हाच त्यांच्या विक्रीचा मोठा रस्ता ठरला.

आपल्या पातळीवर नमुना द्यायचा तर एका वेळी दोन, फार तर तीन चवी. चिवडा असेल तर एक चमचा, मूठभर नको, कारण मूठभर खाल्लं की भूक भागते आणि विकत घ्यायची गरज उरत नाही. मसाला नुसता चाखायला देऊ नका, त्याच मसाल्याची वाटीभर आमटी ठेवा. बंद पाकीट त्याच टेबलावर हात पोचेल तिथे असावं आणि भाव न विचारता दिसावा. भाव विचारायचा संकोच वाटून निघून जाणारे बरेच असतात.

रस्त्याकडेला द्राक्षं विकणारे इथेच फसतात. चाखायला वेगळा ठेवलेला गोड घड आणि तोलायला दुसरा. असं फसवलेलं गिऱ्हाईक त्या रस्त्यावर पुन्हा थांबत नाही, आणि थांबलं तरी शेजारच्या पाटीपाशी थांबतं. मणी नेहमी त्याच क्रेटमधला, तोलणार त्याच घडाचा द्या.

गूगल मॅपवर दुकान कसं टाकायचं? एजंट पैसे मागतात.

पैसे लागत नाहीत. स्वतःच्या किंवा दुकानाच्या जीमेलवरून गूगल बिझनेस प्रोफाइल उघडा. नाव बोर्डावर आहे तेच लिहा. नावापुढे "नाशिकमधील नंबर एक" वगैरे जोडलं तर प्रोफाइल बंद होऊ शकतं. मुख्य प्रकार अचूक निवडा. "दुकान" असं मोघम न ठेवता "मिठाईचं दुकान", "टायरचं दुकान" असं घ्या, कारण शोधणाऱ्याला तुम्ही दिसणार की नाही हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. पिन इमारतीच्या मधोमध नको, दरवाजावर ठेवा. वेळा, साप्ताहिक सुट्टी आणि सणाच्या सुट्ट्या भरा.

मग पडताळणी. आता बहुतेकांना व्हिडिओ मागितला जातो. तो न थांबवता, एका दमात काढायचा: आधी रस्ता आणि आजूबाजूची ओळखीची खूण, मग बोर्ड, मग आतला माल, आणि शेवटी दुकान तुमचंच आहे हे दाखवणारी कृती, म्हणजे किल्लीनं शटर उघडणं किंवा गल्ला उघडणं. जोडलेला किंवा कापलेला व्हिडिओ चालत नाही.

एजंटानं त्याच्याच जीमेलवरून प्रोफाइल काढलं की ताबा त्याच्याकडे राहतो. दोन वर्षांनी नंबर बदलायचा असतो आणि तो फोन उचलत नाही. मुख्य मालक म्हणून स्वतःचाच ईमेल ठेवा, मदतीला कोणी हवं असेल तर त्याला फक्त व्यवस्थापक करा. दुसरी नेहमीची अडचण जागा बदलल्यावर येते. नवं प्रोफाइल काढलं जातं, जुनं तसंच राहतं, आणि लोक शालिमारच्या बंद शटरपाशी उभे राहून फोन करतात. जुन्याच प्रोफाइलचा पत्ता बदला, म्हणजे रिव्ह्यूही टिकतात.

फोटोंत बाहेरून, रस्त्याच्या पलीकडून काढलेला एक हवाच. नाशिककर पत्ता खुणेनं शोधतो. गाडी कुठे लावायची ते दिसलं तर अर्धं काम झालं.

रिव्ह्यू कसे मिळवायचे? सूट देऊन मागितले तर?

सूट, बक्षीस किंवा पैसे देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमात बसत नाही, असे रिव्ह्यू काढून टाकले जातात. विचारायची योग्य वेळ एकच, समोरचा स्वतःहून चांगलं बोलतो ती. "मस्त झालं हो" असं कानावर आलं की तिथेच क्यूआर कोड पुढे करा आणि म्हणा, "एवढंच लिहा, काय घेतलं ते पण लिहा." काय घेतलं हे लिहिलेला रिव्ह्यू पुढच्या माणसाला उपयोगी पडतो.

वाईट रिव्ह्यू आला तर त्याच दिवशी, मराठीत, तीन-चार ओळींत उत्तर द्या: काय चुकलं, काय केलं, कोणाला फोन करायचा. वाद घालू नका. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या शेकडो लोकांसाठी असतं.

व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतो, कोणी उत्तर देत नाही. काय चुकतंय?

दोन गोष्टी तपासा. पहिली तांत्रिक. ब्रॉडकास्ट यादीत २५६ पर्यंत लोक घेता येतात, पण ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. त्यामुळे यादी मोठी दिसते आणि मेसेज निम्म्यांपर्यंतही जात नाही. बिल देताना "आमचा नंबर सेव्ह करून एक नमस्कार टाका, माल आला की कळवतो" असं सांगणं, हेच पहिलं काम.

दुसरी चूक मेसेजमध्येच असते. हा बघा: "नमस्कार, आमच्याकडे सर्व प्रकारचे दर्जेदार मसाले वाजवी दरात मिळतील. एकदा अवश्य भेट द्या." याला उत्तर देणार तरी काय? आता हा: "उद्या सकाळी काळा मसाला कुटणार आहोत. अर्ध्या किलोची चाळीस पाकिटं होतील. हवं असेल तर आज रात्री ८ पर्यंत नुसतं 'हो' लिहा. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याला घरपोच." यात वेळ आहे, नग आहेत आणि उत्तर एका शब्दाचं आहे. चाळीस लिहिलं तर चाळीसच विका. एकेचाळिसाव्याला पुढची तारीख द्या.

आठवड्याला एक मेसेज पुरे. जास्त केलं की लोक ब्लॉक करतात, आणि फार जणांनी ब्लॉक केलं तर नंबरच बंद पडू शकतो. रोजचं काही दाखवायचं असेल तर स्टेटस वापरा, ते कोणाच्या अंगावर येत नाही.

फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीला किती पैसे घालावेत?

आधी हा हिशेब करा. ३,००० रुपये घातले, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३,५४० झाले. समजा ६० जणांनी विचारलं आणि १२ जणांनी घेतलं. एक नवं गिऱ्हाईक २९५ रुपयांना पडलं. वरच्या लोणच्याच्या बरणीमागे सुटतात ६०. म्हणजे तो माणूस पाच वेळा घेईल तेव्हा खर्च निघेल. तो परत येतच नसेल तर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे २३५ रुपये खिशातून गेले, आणि जाहिरात जितकी चालेल तितका तोटा वाढेल.

म्हणून आधी एक आकडा काढा: चार महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आलेल्या पन्नास जणांपैकी कितीजण दुसऱ्यांदा आले? वही किंवा यूपीआयची यादी बघून हे निघतं. पन्नासातले पाचच आले असतील तर जाहिरातीचे पैसे आधी मालावर आणि वागणुकीवर घाला. फर्निचर, सोलर, लग्नाचा हॉल अशा धंद्यांत माणूस वर्षानुवर्षं परत येत नाही. तिथे विचारायचं, "कोणी सांगितलं?" जुन्या गिऱ्हाइकानं पाठवलेले किती, हाच त्यांचा परत येण्याचा आकडा.

जाहिरात द्यायचीच तर दुकानाभोवतीचा छोटा परिसर निवडा. सिडकोतल्या डोसा सेंटरची जाहिरात आडगावात दिसून उपयोग नाही. रीलमध्ये पहिल्या दोन सेकंदांत वस्तू दिसू द्या, दुकानाचा लोगो नको. भाव आणि ठिकाण अक्षरांत लिहा, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात.

बोर्ड आणि पॅम्फ्लेटचा अजून उपयोग आहे का?

बोर्डाचा तर नक्कीच. अक्षराच्या उंचीचा साधा अंदाज असा, की दर दहा फुटांना एक इंच. साठ फुटांवरून वाचायला हवं असेल तर अक्षर सहा इंचांचं हवं. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असतो, त्यामुळे पट्टी त्याहून उंच लागते. नाहीतर पेंटर मात्रा दाबून टाकतो आणि नाव वाचता येत नाही. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणं बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. चौकात विनापरवाना बॅनर लावू नका. महापालिका काढते आणि वर कारवाई होते.

पॅम्फ्लेटबाबत एवढंच, की शहरभर पाच हजार एकदा वाटण्यापेक्षा दुकानाजवळच्या त्याच हजार घरांत महिन्याच्या अंतरानं तीनदा टाका. पेपरवाल्याशी बोलून ठरावीक लाईन मिळते. प्रत्येक भागाच्या कागदावर वेगळी खूण छापा, मग गिऱ्हाईक कुठल्या भागातला कागद घेऊन आलं ते कळतं.

घरगुती पदार्थाच्या पाकिटावर काय लिहावं लागतं?

"घरगुती आहे, लेबल कशाला" हा गैरसमज आहे. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची किंवा पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक आणि शाकाहारी असेल तर चौकोनातलं हिरवं वर्तुळ, एवढं तरी लागतंच. चांगल्या दुकानदाराला हे नसलेलं पाकीट ठेवताच येत नाही, त्यामुळे हाही विक्रीचाच भाग समजा.

"साखर कायमची जाते", "गुडघेदुखी बरी होते" असलं काही छापू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

नाव कोणी चोरलं तर?

ट्रेडमार्कचा, म्हणजे नावाच्या कायदेशीर नोंदणीचा, अर्ज करा. व्यक्ती आणि छोट्या उद्योगासाठी ऑनलाइन फी मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. अर्ज करण्याआधी नाव कोणाचं नोंदलेलं नाही ना, ते ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर शोधा. "नाशिक मिसळ" किंवा "गोदावरी मसाले"सारखी जागेची किंवा सगळ्यांच्या वापरातली नावं राखून ठेवणं अवघड जातं. थोडं वेगळं नाव पहिल्यापासून घेतलेलं बरं.

तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी कसं वागावं?

पूर्ण ऐकून घ्या, मग त्याची अडचण आपल्या शब्दांत एकदा बोलून दाखवा: "म्हणजे दोन दिवसांत शिवण उसवली, आणि कार्यक्रम उद्या आहे." निम्मा राग इथेच उतरतो. मग उपाय आणि वेळ सांगा. काउंटरवरच्या मुलाला दोनशे-तीनशे रुपयांपर्यंत मालकाला न विचारता बदलून द्यायची मुभा असू द्या. "शेठ आल्यावर या" हे वाक्य गिऱ्हाईक तोडतं. बदलून दिलं की वहीत कारण लिहा. एकाच कारागिराच्या तीन शिवणी उसवल्या तर चूक तिथे आहे.

समोरच मोठं दुकान आलंय, ऑनलाइन तर आहेच. टिकायचं कसं?

भावात त्यांच्याशी लढू नका, वर लोणच्याचं गणित दिलंच आहे. त्यांना काय जमत नाही ते बघा. मेन रोडचा कापडवाला दोन तासांत पँटची उंची कमी करून देतो, सांडव्यावरचा भांडीवाला कुकरची रिंग आणि शिटी एकेकटी विकतो, किराणावाला आजीच्या आवाजावरून ओळखतो की तिला कुठली चहापत्ती लागते. अशा कामांची यादी करा, वेळ आणि दर ठरवा आणि ठळक लिहून लावा. बहुतेक दुकानं या गोष्टी करतात, पण पाटीवर लिहीत नाहीत, त्यामुळे नव्यानं राहायला आलेल्या माणसाला त्या कळतच नाहीत.

सिंहस्थासाठी काय तयारी करावी?

मागचा सिंहस्थ २०१५ ला झाला, आता २०२७ ची पर्वणी तोंडावर आहे. गर्दी म्हणजे धंदा असं सरळ गणित मांडू नका. पर्वणीच्या दिवशी आतल्या भागात वाहनं बंद असतात, माणसं लांबच्या वाहनतळापासून चालत येतात. पंचवटीतल्या दुकानात त्या दिवशी माल पोचवता येत नाही, नोकराला पोचता येत नाही आणि चालून दमलेला भाविक जड वस्तू उचलत नाही. म्हणून माल तीन-चार दिवस आधी भरा, वजनाला हलकी, पिशवीत मावणारी छोटी पाकिटं करा, पाटी मराठीसोबत हिंदीतही लावा. एवढ्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क अडकू शकतं, तेव्हा १०, २० च्या नोटा आणि नाणी साठवून ठेवा.

कर्ज काढून कायमची मोठी जागा फक्त सिंहस्थाच्या भरवशावर घेऊ नका. त्याऐवजी येणाऱ्याला पुन्हा मागवता येईल अशी सोय करा: पाकिटावर व्हॉट्सॲप नंबर आणि कुरिअरनं पाठवतो ही ओळ. इंदूरचा किंवा सुरतेचा माणूस पुन्हा नाशिकला कधी येईल सांगता येत नाही, पण चिवडा पुढच्या महिन्यातच मागवू शकतो.

फरक किती दिवसांत दिसतो?

बोर्ड, मॅप, वेळा दुरुस्त केल्याचा फरक महिनाभरात दिसायला लागतो. नमुने आणि व्हॉट्सॲपचा दोन-तीन महिन्यांत. परत येणाऱ्यांचा आकडा मात्र निदान एक पूर्ण चक्र पाहिल्याशिवाय खरा मानू नका, आणि नाशिकचं चक्र वर्षाचं आहे. द्राक्षांचे पैसे हाती येतात तेव्हाची खरेदी, मार्च ते मे मसाल्याचे दिवस, जूनमधली शाळांची धावपळ, पावसाळ्यातले त्र्यंबकचे पर्यटक, दसरा-दिवाळीचा बोनस. या वर्षीच्या जूनची तुलना मे महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या जूनशी करा. त्यासाठी गेल्या जूनची वही हवी. ती नसेल तर आजच्या तारखेपासून सुरू करा.